मदत हवी आहे: ड्रोनच्या रेडिओच्या (हातातल्या ट्रान्समीटरच्या) स्टिक बदलायच्यात, हॉल गिंबल (स्टिकचा सांगाडा) कोणते घेऊ?

उनाड_क्वाड
नमस्कार मंडळी. जरा लवकर सांगा, रविवारी उडवायला जायचंय. क्वाड (चार पंख्यांचं ड्रोन) हवेत एका जागी धरलं की नाक आपोआप उजवीकडे वळायला लागतं. ट्रिम (मध्याची बारीक दुरुस्ती) देऊन झालं, कॅलिब्रेशन तीनदा करून झालं. एक दिवस बरं चालतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पॉटवाल्या (पोटेन्शिओमीटरच्या) स्टिक काढून हॉल सेन्सरवाल्या बसवायचं ठरवलंय. कोणत्या घेऊ तेवढं सांगा. सोल्डरिंग येतं.

झाळकाम
रेडिओ कोणता? मोड कोणता, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा जोर) कोणत्या स्टिकवर? फर्मवेअर (रेडिओतलं सॉफ्टवेअर) कोणतं? गिंबल प्रत्येक रेडिओत बसत नाही हो. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, कनेक्टरच्या पिना, मागे बॅटरीच्या कप्प्यापर्यंत जागा किती, सगळं बघावं लागतं.

आकाशरेषा
डोळे झाकून हॉल घ्या. पॉटमध्ये कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत असते. स्टिक बहुतेक वेळ मधोमध असते, म्हणून पट्टी नेमकी मधेच झिजते, आणि तुम्हाला सगळ्यात जास्त अचूकपणा तिथेच हवा असतो. हॉलमध्ये दांड्यावर चुंबक आणि समोर सेन्सर, घासायला काही नाहीच. मी बदलले, तेव्हापासून ट्रिमला हात लावलेला नाही.

ग्लायडरकाका
मी 20 वर्षं पॉटवरच ग्लायडर उडवतोय. झिजायच्या आधी पॉट मळतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब पॉटच्या फटीत सोडा, स्टिक पन्नासेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, वाळू द्या, मग कॅलिब्रेशन करा. गंजावरचा तेलकट स्प्रे मात्र मारू नका, तेल पट्टीवर राहतं आणि धूळ धरतं.

आकाशरेषा
काका, साफ करून दोन महिने जातात. झिजलेली पट्टी क्लीनरने भरून येत नाही.

ग्लायडरकाका
झिजली आहे हे तुम्ही न बघता कसं ठरवलंत?

वायुवेग
रिसीव्हरच्या अँटेना कशा लावल्यात? दोन असतील तर एकमेकींशी 90 अंशांत हव्यात, आणि कार्बनच्या फ्रेमला चिकटून नकोत. माझ्या क्वाडला सारखा फेलसेफ (सिग्नल तुटल्यावरची सुरक्षा) लागायचा, अँटेना फ्रेमबाहेर काढल्यावर थांबला. तुमच्याकडेही हेच असणार.

उनाड_क्वाड
सिग्नलचा प्रश्न नाहीये, फेलसेफ एकदाही लागलेला नाही. रेडिओचं नाव मुद्दाम लिहिलं नाही, कारण मागच्या धाग्यावर नाव लिहिलं तर सगळी चर्चा ब्रँडच्या भांडणात गेली. फर्मवेअर एजटीएक्स आहे, काळी-पांढरी स्क्रीन, गिंबल साधे पॉटवाले. मला फक्त कोणते हॉल चांगले ते सांगा.

झाळकाम
मोड?

उनाड_क्वाड
मोड 2 हो, थ्रॉटल आणि यॉ (नाक वळवणं) डाव्या स्टिकवर. सगळ्यांचा असतो तोच.

ग्लायडरकाका
सगळ्यांचा नसतो. माझा मोड 1 आहे.

सोनकी
दादा, विकत घ्यायच्या आधी दोन मिनिटांची एक तपासणी करा. प्रोपेलर काढून ठेवा. बीटाफ्लाइटमध्ये (क्वाडच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) रिसीव्हर टॅब उघडा आणि यॉचा आकडा बघा. आधी हात न लावता. मग स्टिक उजवीकडे नेऊन अलगद सोडा, डावीकडे नेऊन सोडा, दर वेळी आकडा लिहून ठेवा. आणि मुख्य म्हणजे यॉला हात न लावता फक्त थ्रॉटल खालून वर न्या. तेव्हा यॉ हलतो का?

चिमटीवाला
स्टिक अंगठ्याने धरता की चिमटीत? अंगठ्याने धरणाऱ्यांचा यॉ थ्रॉटल देताना हमखास थोडा ढळतो. मी लांब टोकं लावली, स्प्रिंग घट्ट केली आणि चिमटीत धरायला लागलो. स्टिक लांब झाली की तेवढ्याच कोनाला बोटाचा प्रवास वाढतो, हात आपोआप सावकाश चालतो. गिंबल बदलण्याआधी टोकं बदला.

आकाशरेषा
अंगठ्याने उडवणारे उत्तम पायलट कितीतरी आहेत. हा सवयीचा भाग झाला.

चिमटीवाला
सवय बदलता येते, एवढंच माझं म्हणणं.

उनाड_क्वाड
सोनकी ताई, बघितलं. थ्रॉटल तळाशी असताना यॉ 1500 (म्हणजे बरोबर मधे), फार तर 1501. उजवी-डावीकडून सोडला तरी 1499 ते 1502. आणि थ्रॉटल अर्ध्याच्या वर नेलं की यॉ उडी मारून 1527, कधी 1534! परत खाली आणलं की 1500. स्टिक मी टोकाला दोन बोटांनी धरून सरळ वर नेत होतो, तिरकी जात नव्हती. हे काय आहे?

प्रतिसादी
डेडबँड 40 टाका आणि विषय संपवा.

सोनकी
40 टाकलात तर मधल्या एवढ्या पट्ट्यात यॉ मेलेला राहील, बारीक दुरुस्ती करताच येणार नाही. डेडबँड दोन-चार आकड्यांच्या थरथरीसाठी असतो. इथे 30 ची उडी आहे, आणि ती स्टिक ठरावीक जागी गेल्यावरच येते.

मधे झिजलेला पॉट थ्रॉटल कुठेही असलं तरी त्रास देतो. तुमचा यॉ मधोमध एकदम शहाणा आहे. म्हणून मला संशय तारेचा. गिंबलमध्ये एका अक्षाचा पॉट हलत्या चौकटीवर बसवलेला असतो. दुसरा अक्ष हलला की तो पॉट तारांसकट हलतो, आणि तारा रोज हजारो वेळा त्याच एका जागी वाकतात. वरचं आवरण शाबूत राहतं, आतले तंतू तुटतात. ग्राउंडच्या तारेत असं झालं तर तिथला रोध वाढतो आणि पॉटचं व्होल्टेज वर चढतं. ट्रान्समीटरला वाटतं तुम्ही स्टिक ढकललीत.

झाळकाम
+१. रेडिओ उघडा, चालू ठेवून चॅनल मॉनिटर (स्टिकचे आकडे दाखवणारी स्क्रीन) लावा, आणि स्टिक न हलवता एकेक तार प्लास्टिकच्या काडीने हलकेच हलवा. आकडा नाचला की तीच तार.

आकाशरेषा
तारच असेल तरी हॉल घ्यायला काय हरकत? एकदाच काम.

सोनकी
घ्या की. पण हॉल गिंबलमध्येही हलत्या चौकटीवरून तारा येतात. ताणून बसवल्या तर त्याही अशाच तुटतील. सेन्सर घासत नाही म्हणून तार वाकायची थांबत नाही.

उनाड_क्वाड
उघडला. काळी तार, पॉटवरच्या सोल्डरच्या टाक्याच्या अगदी मुळाशी. आवरण धड दिसत होतं, काडीने टेकवलं की यॉ 1500 वरून 1540 ला. नखाने आवरण मागे सरकवलं तर आत दोनच तंतू धरून होते, बाकीचे हिरवट होऊन तुटलेले. नवी सिलिकॉनची मऊ तार टाकली, सैल वळसा दिला आणि चौकटीला चिकटपट्टीने बांधली. आता थ्रॉटल कुठेही असो, यॉ 1500.

आभार ताई. तरी हॉलचा सेट घेतोच आहे, कारण उजव्या स्टिकचा रोल (डावी-उजवीकडे कलण्याचा अक्ष) मधोमध खरंच 6-7 आकडे थरथरतो, ते आता नीट बघितल्यावर कळलं.

ग्लायडरकाका
त्या रोलला क्लीनर मारून बघा आधी. माझ्यासाठी.

उनाड_क्वाड
मारला काका. 6-7 वरून 2 वर आलाय. सेट मागवून झालाय पण.

झाळकाम
मग बसवताना कनेक्टरच्या तारांचा क्रम मल्टिमीटरने तपासल्याशिवाय जोडू नका. पॉटला पुरवठा आणि ग्राउंड उलटे लागले तर फक्त दिशा उलटते. हॉल सेन्सर जळू शकतो. रंगांवर विश्वास नको, प्रत्येकाचे रंग वेगळे. आणि फोनच्या कव्हरमधलं चुंबक रेडिओला टेकवून ठेवायची सवय असेल तर सोडा, सेन्सर चुंबकच वाचतो.

उनाड_क्वाड
क्रम तपासला, खरंच उलटा होता! बदलून जोडले. आता थ्रॉटलची स्टिक सोडली की उडी मारून मधे येते. सदोष आहे का?

सोनकी
सदोष नाही. मोड कुणाचाही असू शकतो म्हणून बऱ्याच सेटमध्ये दोन्हीकडे स्प्रिंग चालू असते. मागच्या बाजूला थ्रॉटलच्या अक्षाजवळ एक स्क्रू आहे, तो आत घेतला की स्प्रिंगचा हात उचलला जातो. शेजारचा दुसरा स्क्रू पातळ पट्टी दाबतो, तो थोडाच घट्ट करा म्हणजे स्टिक सोडली तिथे राहील. मग पुन्हा कॅलिब्रेशन. पहिल्या पायरीला सगळं मधोमध ठेवायचंय, थ्रॉटलसुद्धा.

चिमटीवाला
आणि टोकं?

उनाड_क्वाड
स्प्रिंग सुटली, कॅलिब्रेशन झालं, चारही अक्ष स्थिर. प्रोपेलर चढवतोय. टोकं जुनीच आहेत चिमटीवाला, अंगठ्यानेच उडवतो.