इलेक्ट्रिक गाडी खरंच पर्यावरणाला परवडते का? (खानापूर-बेळगाव पट्ट्यातला हिशोब)

खानापूरकर
नमस्कार मंडळी. घरात २०१६ची पेट्रोल हॅचबॅक आहे. लिटरला १७ देते, वर्षाला साडेआठ हजार किलोमीटर पळते. जास्त करून बेळगाव, अधूनमधून चोर्ला घाटातून गोवा. छतावर ३ किलोवॅट सोलर आणि हेस्कॉमचं (आपल्या वीज कंपनीचं) नेट मीटर आहे, म्हणजे जादा वीज तारेत परत जाते. पोरांचा आग्रह, पर्यावरणासाठी इलेक्ट्रिक घ्या. पण करंट कोळशाचाच आणि बॅटरीसाठी खाण खोदायचीच, मग धूर नुसता खानापुरातून रायचूरच्या कोळशाच्या वीज केंद्रात हलवल्यासारखं होत नाही का? आकडे घालून सांगा, जाहिरात नको.

उद्यमबाग_मेकॅनिकल
तुमचाच हिशोब घ्या. वर्षाला ५०० लिटर पेट्रोल. एक लिटर जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, त्यात तेल काढणं, रिफायनरी, टँकर धरला की साधारण २.८ किलो. म्हणजे वर्षाला १४०० किलो.

आता इलेक्ट्रिक. ३० युनिटच्या बॅटरीची लहान गाडी चार्जिंगमधली घट धरून मीटरवर किलोमीटरला ०.१५ युनिट खाते. वर्षाला १२७५ युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा देशाचा सरासरी आकडा युनिटला सुमारे ०.७२ किलो, पण तो वीज केंद्रातला. तारांतली गळती धरली की तुमच्या वाट्याला १०५० किलो येतात. वाचले ३५० किलो.

बॅटरी बनवताना तिच्या क्षमतेच्या दर युनिटमागे ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे ३० युनिटला १.८ ते ३ टन. भागिले ३५०: पाच ते साडेआठ वर्षं नुसती बॅटरीची फेड. वर्षाला २० हजार किलोमीटर असते तर हीच फेड दोन ते साडेतीन वर्षांत झाली असती. रोज निपाणी-बेळगाव करणाऱ्याचं आणि तुमचं उत्तर म्हणूनच वेगळं.

कैगाचं अणुवीज केंद्र जवळ, सुपा धरणाची जलवीज जवळ म्हणून आपल्या तारेत स्वच्छ वीज येते, असं काहीजण म्हणतात. २०१३च्या अखेरीपासून देशाचं ग्रिड (विजेच्या तारांचं जाळं) एकच आहे. रात्री अकराला तुम्ही प्लग लावला की तो वाढीव भार बहुतेक वेळा कुठल्यातरी कोळशाच्या बॉयलरवरच जातो.

सोलरचंही तेच. पॅनल आधीच बसलेत, त्यांची जादा वीज आज शेजाऱ्याकडे जाऊन तेवढा कोळसा वाचवतेच आहे. ती गाडीत घातली तर तिकडचं वाचणं थांबलं. गाडी सोलरवर चालते असं म्हणायचं असेल तर गाडीसाठी एक किलोवॅट नवीन टाका. किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट पकडा. खानापूर बाजूला जून ते ऑगस्ट त्याच्या निम्मंही धरू नका.

घटप्रभाकाठ
एवढं सगळं करण्यापेक्षा इथेनॉलच बरं की ओ. आपल्याच उसाचं, आपल्याच कारखान्याचं. खाण नको, बॅटरी नको.

उद्यमबाग_मेकॅनिकल
अण्णा, एक एकर घेऊन बघा. ४० टन ऊस, थेट रसापासून टनाला ७० लिटर, म्हणजे २८०० लिटर इथेनॉल. त्याची ताकद पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणजे साडेअठराशे लिटर पेट्रोल. गाडी धावली एकतीस-बत्तीस हजार किलोमीटर. त्याच एकरात २०० किलोवॅट सोलर बसतं, वर्षाला २.८ लाख युनिट देतं, त्यात इलेक्ट्रिक गाड्या अठरा लाख किलोमीटर धावतात. शिवाय पाणी लागतं ते फक्त पॅनल धुवायला. उसाची जमीन सोलरला द्या असं माझं म्हणणं नाही, साखर लागतेच. मळीपासूनचं इथेनॉल तर जोडउत्पादन आहे, त्याला हा हिशोब लागू नाही. पण गाडीसाठी म्हणून ऊस लावणं हा जमिनीचा आणि कृष्णा-घटप्रभेच्या पाण्याचा महागडा वापर आहे. कारखान्यांच्या बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) विजेचं मात्र मी कौतुक करतो. गाळप हंगामापुरती असली तरी.

सेल_आणि_पॅक
खाणीबद्दल. जगातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट काँगोतून येतं आणि तिथल्या हालअपेष्टा खऱ्या आहेत. पण आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत आता एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल येतात, त्यांत कोबाल्टही नाही, निकेलही नाही. घेताना शोरूमवाल्याला एवढंच विचारा: एलएफपी की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली)? उत्तर लेखी घ्या. एलएफपीची एक बाजू रिसायकलवाल्याच्या दृष्टीने वाईट: महाग धातू नसल्यामुळे भंगाराला किंमत कमी. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. काही झालं तरी पॅक (सेल जोडून केलेली अख्खी बॅटरी) भंगारवाल्याला विकू नका.

खानापूरकर, तुमच्या वापरात बॅटरी धावून मरणार नाही. वॉरंटी साधारण ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर असते. तुम्ही आठ वर्षांत ६८ हजारच कराल. मरेल ती वयाने, आणि तिला लवकर म्हातारी करतात दोन गोष्टी: ऊन आणि फुल चार्ज. मे महिन्यात १०० टक्के चार्ज करून पत्र्याखाली आठवडाभर उभी केली की सेल आतून झिजतात. उभीच ठेवायची असेल तर ४० ते ६० टक्के. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे किती चार्ज उरला याचा बीएमएसचा (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचा) अंदाज हळूहळू चुकत जातो. मग १८ टक्के दाखवत असताना गाडी अचानक ७ वर येते. त्यासाठी मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे मधूनमधून १०० पर्यंत भरा, पण निघायच्या आदल्या रात्री.

चोर्ल्याचंही सांगतो. माणसं-सामानासह १६०० किलो गाडी ७५० मीटर वर चढवायला तीन-सव्वातीन युनिट, मोटरची घट धरून जवळपास चार. गोव्याहून परतताना हे चार युनिट सपाटीच्या खर्चाच्या वर धरा. उतरताना रिजनमध्ये (ब्रेक लावताना मोटरच वीज बनवते त्यात) अर्ध्याहून थोडं जास्तच परत येतं. बेळगावातून फुल भरून निघालात तरी चालतं, कारण उतार लागेपर्यंत चाळीसएक किलोमीटरचा चार्ज खाली झालेला असतो, परतीचा करंट घ्यायला जागा मिळते. खड्ड्यात पॅक खालून आपटला तर वरून काही दिसत नाही. लिफ्टवर चढवून केसिंग (पॅकचं बाहेरचं कवच) बघून घ्या, दबलं असेल तर बहुतेक ठिकाणी अख्खा पॅक बदलायला सांगतात. पाच वर्षांत पॅक बदलला तर वरचा सगळा कार्बनचा हिशोब पाण्यात.

टिळकवाडी_वायरमन
गाडी घ्या न घ्या, वायरिंगचं ऐका. गीझर वीस मिनिटांत कट होतो, चार्जर १५-१६ अँपिअर आठ-आठ तास ओढतो. गीझरच्या जुन्या लाईनवर लावू नका. मीटरपासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, २० अँपिअर सी-कर्व्ह एमसीबी (जादा करंट झाला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा ए टाईप आरसीसीबी (करंट गळला की पडणारा). सॉकेट इंडस्ट्रियल घ्या. साध्या सॉकेटचा स्क्रू ढिला पडला की तिथेच तापतो, आधी पिवळा पडतो, मग वितळतो. महिन्याभराने मेन बंद करून स्क्रू परत आवळा. एक्स्टेंशन बॉक्स अजिबात नको. आणि हेस्कॉमकडे मंजूर लोड वाढवून घ्या.

खरी बोंब अर्थिंगची. खानापूरच्या जांभ्यात पाणी टिकत नाही. पावसाळ्यात ४ ओहम दाखवणारा खड्डा एप्रिलमध्ये कितीतरी वर जातो आणि चार्जर लाल दिवा लावून बसतो. लोक मीठ-कोळसा घालतात; मीठ जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) रॉड दोन-तीन वर्षांत खातं. ३ मीटरचा तांबं चढवलेला रॉड आणि भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरा. एक रॉड पुरला नाही तर तीन मीटर सोडून दुसरा. चिकोडी-अथणीकडे काळ्या मातीत उलटं: अर्थिंग सहज मिळतं, पण उन्हाळ्यात माती भेगाळून रॉडला सोडते.

शेतातल्या घराला पंपसेटच्याच टीसीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) लाईन असेल तर थ्री फेज आली की व्होल्टेज बसतं आणि चार्जर बंद पडतो. तिथे चार्जर १० अँपिअरवर ठेवता येत असेल तर ठेवा.

खानापूरकर
म्हणजे आता बदलू नको?

उद्यमबाग_मेकॅनिकल
साडेआठ हजारात चालती गाडी नुसत्या पर्यावरणासाठी बदलू नका. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, पाच-सहा वर्षं अजून काढा. बेळगावच्या एकट्याच्या फेऱ्यांना इलेक्ट्रिक स्कूटर घ्या, किलोमीटरला ०.०३ युनिटच्या आसपास लागतं आणि बॅटरी तीन युनिटची. कार संपेल तेव्हा इलेक्ट्रिक घ्या, तेव्हा नवा एक किलोवॅट टाका आणि अकरा ते तीनच्या दरम्यान १० अँपिअरवर चार्ज करा. आठवड्याला तुम्हाला २५ युनिटच लागतात, तीन दुपारी पुरतात.

टिळकवाडी_वायरमन
स्कूटरला साधा सॉकेट चालतो, पण अर्थिंग तेवढंच लागतं. इलेक्ट्रिशियनला बोलावताना अर्थ टेस्टर घेऊन ये म्हणून सांगा, आणि मोजणी मे महिन्यात करून घ्या. बल्ब लावून अर्थ बघणाऱ्याला परत पाठवा.