नवीन विंडोज मारली, डेस्कटॉपवरचं सगळं गेलं. सांगलीत कोण काढून देईल?

विश्रामबागकर: नमस्कार. परवा दुकानदाराने पीसीत नवीन विंडोज मारून दिली. डी ड्राइव्ह शाबूत, पण डेस्कटॉपवर सातबाऱ्याचे स्कॅन, बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या, बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. तो म्हणतो, "मॅडम, विचारलं होतं की." कुठलं विचारलं! ५०० जीबीची साधी हार्डडिस्क आहे, बजेट १५००. घरी जमेल का?

मिरजेचा_मामा: पुण्याच्या लॅबला पाठवा. आमच्या मेव्हण्यानं १८ हजार मोजले, सगळं मिळालं. डेटापुढं पैशाचं काय एवढं.

वाळव्याचा_गडी: ताई, आधी सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर बघा. फॉरमॅट न मारता विंडोज टाकली असेल तर जुना माल त्यातच असतोय. साधारण १० दिवसांनी विंडोज आपणहून उडवतं, आजच बघा.

कृष्णाकाठ: २०१९ च्या महापुरात आमचा सीपीयू पाण्याखाली होता. डिस्क वाळवून लावली, पळाली की! आता तसला माल येत नाही.

वाळव्याचा_गडी: भिजलेली डिस्क तशी चालू करायची नसती हो. नशीब तुमचं.

सातारी_पेंग्विन: विंडोज सोडा, उबुंटू टाका, कटकटच मिटेल.

मिरजेचा_मामा: फाइल गेल्यात म्हणून रडतायत आणि हा परत फॉरमॅट मारायला सांगतोय. सातारकर!

विश्रामबागकर: विंडोज डॉट ओल्ड नाही, पठ्ठ्याने फॉरमॅटच मारलाय. फाइली परत काढायचं ते रेकुव्हा सॉफ्टवेअर डाउनलोड करू?

डीटीपी_काकू: थांब गं! त्या डिस्कवर आता काही म्हणजे काही उतरवू नकोस. क्विक फॉरमॅटमध्ये फाइलींची यादी जाते, माल जागेवरच असतो. नवीन काही लिहिलं की त्याच्यावर बसतं. पीसी बंद कर. डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या मशीनला लाव, फोटोरेक चालव, तेही फाइली परत काढायचंच सॉफ्टवेअर, फुकट आहे. सापडलेलं त्या दुसऱ्या मशीनवरच साठव. माझ्या लग्नपत्रिका अशाच परत आल्या, फक्त फाइलींची नावं जातात. एफ आणि पुढं लांबलचक आकडा. कुठल्या एफमध्ये कुणाची हळद, उघडून बघत बसले होते. साध्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी असती तर ट्रिममुळे, म्हणजे पुसलेली जागा ती आतून खरंच रिकामी करते म्हणून, बहुतेक हात चोळत बसावं लागलं असतं.

बेदाणा_शेठ: रेकुव्हा टाका, माझं झालेलं.

डीटीपी_काकू: वर काय लिहिलंय ते वाचा की शेठ.

वाळव्याचा_गडी: मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं लॉगिन करत होता का? वनड्राइव्हच्या साइटवर बघा, कधीकधी आपल्याला माहीत नसताना डेस्कटॉप तिथं चढत असतोय. आणि डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो, त्याच्यासाठी जीव टाकू नका.

मिरजेचा_मामा: मी तर पहिल्यांदाच सांगितलं, पुणे.

विश्रामबागकर: वनड्राइव्हवर पट्ट्या सापडल्या! लग्नाचे फोटो नाहीत. पीसी बंद केलाय. डिस्क त्याच दुकानदाराला देतेय, फुकट काढून देतो म्हणालाय.

डीटीपी_काकू: त्याच्याचकडं? निदान आधी डिस्कची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, तरी काढून ठेव.

बेदाणा_शेठ: काकू, ती यूएसबी केस केवढ्याला पडली?