नवजात उंदरांना कॅप्साइसिन दिल्यावर सगळ्यांत सारखा परिणाम का दिसत नाही?

प्रश्न (गँग्लिया)
रॅटच्या पिल्लांना जन्मानंतर दुसऱ्या दिवशी त्वचेखाली ५० मिग्रॅ/किग्रॅ कॅप्साइसिन (मिरचीतला तिखट घटक) दिले. मोठेपणी काहींच्या डॉर्सल रूट गँग्लियातल्या (मज्जारज्जूशेजारच्या संवेदी चेतापेशींच्या गाठींतल्या) लहान चेतापेशी जवळपास नाहीशा झालेल्या दिसतात, तर काहींमध्ये बऱ्याच शिल्लक आहेत. मात्रा वाढवू का? आणि हीच मात्रा प्रौढ रॅटमध्ये एवढ्या पेशी का मारत नाही?

उत्तर (मज्जासूत्र)
मात्रा वाढवू नका. १९७७ साली यांचो गटाने नवजात रॅटमध्ये हा परिणाम दाखवला, तोही ५० मिग्रॅ/किग्रॅलाच. आधी द्रावण आणि टोचणी तपासा.

कॅप्साइसिन पाण्यात विरघळत नाही. ते प्रथम इथेनॉलमध्ये पूर्ण विरघळवा, मग ट्वीन ८० (तेलकट पदार्थ पाण्यात मिसळवणारे द्रव्य) घाला आणि शेवटी कोमट सलाइन थेंबाथेंबाने, सतत ढवळत. अंतिम प्रमाण १० टक्के इथेनॉल, १० टक्के ट्वीन, ८० टक्के सलाइन. सलाइन घाईने ओतले की द्रावण गढूळ होते. मग शेवटच्या पिल्लांच्या वाट्याला वेगळीच मात्रा जाते.

६ ग्रॅमच्या पिल्लाला ०.३ मिग्रॅ लागते, म्हणजे १० मिग्रॅ/मिलि द्रावणाचे फक्त ३० मायक्रोलिटर. सुई लगेच काढली तर त्यातले निम्मेही बाहेर येऊ शकते. ५ मिग्रॅ/मिलि करून ६० मायक्रोलिटर द्या, बारीक सुई त्वचेखाली थोडी लांब सरकवा आणि काढण्याआधी काही सेकंद थांबा. प्रत्येक पिल्लू वेगळे तोला. भूल हवीच. टोचल्यावर श्वास थांबून पिल्ले दगावतात, शरीराचे तापमानही घसरते, म्हणून उबदार गादी आणि ऑक्सिजन हाताशी ठेवा. ही सगळी तयारी नैतिकता समितीच्या मंजुरीत आधीच लिहिलेली असावी.

उत्तर (पेशीरंग)
वयाबद्दल: कॅप्साइसिन चेतापेशीच्या पटलावरची टीआरपीव्ही१ ही आयन-वाहिनी उघडते, कॅल्शियम आणि सोडियम आत लोटतात, मायटोकॉन्ड्रिया कोलमडतात. प्रौढात मुख्य तडाखा तंतूंच्या टोकांना बसतो आणि बऱ्याच पेशी तग धरतात. नवजात पेशीला मात्र जगण्यासाठी परिघातून, म्हणजे त्वचेसारख्या ऊतींतून, येणारा एनजीएफ (चेतापेशी जगवणारे वाढ-प्रथिन) लागतो. टोक निकामी झाले की तो पुरवठाही तुटतो आणि पेशीकायाच मरते. बाहेरून एनजीएफ दिल्यास नुकसान काही अंशी टळते, त्यामुळे मला हे स्पष्टीकरण पटते. पहिल्या दोन आठवड्यांत वय वाढेल तसा हा मारक परिणाम घटत जातो. एका पिलावळीला दुसऱ्या दिवशी आणि दुसरीला सहाव्या दिवशी टोचले असेल, तर ते एकच उपचार समजू नका.

पेशी मोजताना फक्त सीजीआरपीवर (वेदना-चेतापेशी ओळखायला रंगवतात त्या पेप्टाइडवर) विसंबू नका. काही मायलिनयुक्त (तंतूवर मेदाचे आवरण असलेल्या) पेशींतही ते असते आणि त्या वाचतात. केंद्रक दिसणाऱ्या पेशीच मोजा, व्यासानुसार विभागा. तुलनेला त्याच पिलावळीतली, नुसते द्रावक दिलेली भावंडे घ्या.

उत्तर (मज्जासूत्र)
प्रत्येक प्राण्याची खात्री मोठेपणी डोळ्याच्या चाचणीने करा: एकाच डोळ्यात ०.०१ टक्के कॅप्साइसिनचा एक थेंब, आणि मिनिटभरात पंजाने किती वेळा पुसतो ते मोजा. भावंडांइतकेच पुसणारा प्राणी उपचारित गटात धरू नका, पण वगळण्याची मर्यादा प्रयोगाआधीच ठरवा. चाचणी झाल्यावर डोळा धुऊन घ्या. उपचारित प्राण्यांना बुबुळावर आणि त्वचेवर जखमा होतात, त्यांची नियमित पाहणी करा.

उत्तर (पेशीरंग)
आणखी एक. सी-तंतू (या लहान पेशींचे बारीक, मायलिन नसलेले तंतू) इतक्या लवकर गेले की मोठे तंतू मज्जारज्जूच्या वरच्या थरांत शिरतात आणि जोडण्या बदलतात. त्यामुळे प्रौढ प्राण्यात वेदना-चाचणीचा निकाल बदलला, तर त्याचे श्रेय फक्त हरवलेल्या पेशींना देता येत नाही. प्रश्न निव्वळ 'हे तंतू नसतील तर काय' असा असेल, तर प्रौढात रेसिनिफेराटॉक्सिन (टीआरपीव्ही१वरच काम करणारे, कॅप्साइसिनहून कितीतरी तीव्र द्रव्य) दिलेला गटही सोबत ठेवा.