मदत हवी आहे: हत्तीपायाच्या रुग्णांची प्रश्नावली आणि मापाची चप्पल

यंत्रमागावर दिवसभर उभे राहणारे, मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायका – सोलापुरातल्या अशा हत्तीपायाच्या रुग्णांवर कुणी डब्ल्यूएचओडॅस २.० या जागतिक आरोग्य संघटनेच्या, रोजच्या कामांतली अडचण मोजणाऱ्या प्रश्नावलीची १२ प्रश्नांची आवृत्ती मराठीत वापरली आहे का? ती गेल्या ३० दिवसांचंच विचारते. ताप-लालीचा झटका त्याआधी येऊन गेला, तर बुडालेली मजुरी त्यात दिसतच नाही. वर्षभरातल्या झटक्यांचा प्रश्न वेगळा जोडता का?

घरची निगा माहीत आहे: रोज साबण-पाण्याने पाय धुणं, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करणं (चोळून नव्हे, कातडी फाटते आणि तिथूनच जंतू शिरतात), बसताना पाय उंच. पण विड्या वळताना पाय उंच ठेवायचा कसा? आणि सुजल्या पावलाच्या मापाची, न काचणारी चप्पल इथे कोण शिवून देतं? डीईसीच्या (हत्तीपायाच्या जंतांवरच्या) गोळ्या कृपया सुचवू नका, जुनी सूज त्यांनी उतरत नाही.