व्हॅनमधली गादी खालून ओली होते, काय करावं?

बोरिवलीची काकू:
नमस्कार. आमचे हे रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून निवृत्त झाले, मी महापालिकेच्या शाळेतून. एक जुनी मारुती ईको व्हॅन घेतली आणि यांनी पार्किंगमध्ये तीन महिने ठोकाठोक करून तिच्यात संसार मांडला. मागे प्लायचा पलंग, खाली दोन खण, एकात भांडी, दुसऱ्यात पाण्याचे कॅन. महिन्यातले आठ-दहा दिवस फिरतो. बाकी वेळ घरी. नातवाची शाळा, माझे गुडघे.

डिसेंबरात महाबळेश्वरला दोन रात्री गाडीतच झोपलो. सकाळी काचांवरून पाणी ओघळत होतं. गादी उचलली तर खालचा प्लाय थंडगार ओला! मला वाटलं थर्मास सांडला, यांना वाटलं टप गळतोय. यांनी सगळ्या सांध्यांत सिलिकॉन भरलं, तरी तेच. त्याआधी पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी होती, तेव्हाच गादीच्या खोळीला काळे ठिपके आले होते. मी डांबरगोळ्या टाकल्या, तर आता कुबट वास आणि गोळ्यांचा वास दोन्ही येतात. गादी टाकून द्यायची का? साडेचार हजारांची आहे हो.

रंधा:
काकू, टप गळत नाहीये, तुम्ही दोघं गळताय. 🙂 रात्रभर बंद डब्यात दोन माणसांच्या श्वासाची वाफ साठते आणि जिथे थंड लागेल तिथे तिचं पाणी होतं. काच, पत्रा आणि गादीखालचा प्लाय. अंगाची ऊब वरून, थंडी खालून, मध्ये हवा नाही. काकांनी सिलिकॉन भरून होत्या त्या फटीही बुजवल्या.

सलग प्लाय काढून लाकडी पट्ट्या टाका, दोन पट्ट्यांत बोटभर फट ठेवून. प्लायच हवा असेल तर मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा, आयएस 710 हा मानकाचा छाप बघून. घरातल्या फर्निचरचा साधा एमआर प्लाय ओल फार सोसत नाही. झोपताना समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवा. वर रेन व्हायझर, म्हणजे काचेवरची प्लास्टिकची पट्टी, असला की पाऊस आत येत नाही.

कागदपत्रवाला:
मागचं सीट काढलंय का? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. मूळ रचनेत फेरफार करायला मनाई आहे, आणि अपघात झाला तर विमावाले नेमकं हेच शोधतात. पलंग उचलून बाहेर काढता येईल असा असू द्या.

देवगडचा भाचा:
मामी, आत स्वयंपाक करता का? गॅस जळतानाही वाफ होते, आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. चहासुद्धा मागचं दार उघडून, बाहेर. पावसाळ्यात उभ्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालू नका, ओल आतच कोंडते. गादी घरी न्या. आता खोळ काढून बघा. ठिपके फक्त खोळीवर असतील तर गरम पाण्यात धुवा, उन्हात कडकडीत वाळवा. फोममध्ये बुरशी शिरली असेल तर साडेचार हजार विसरा, नाहीतर रात्रभर खोकत बसाल.

बोरिवलीची काकू:
मंडळी, यांनी "तुम्ही दोघं गळताय" तीन वेळा वाचून दाखवलं, प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत. मग निमूटपणे ब्लेडने सिलिकॉन खरवडलं. सीट आमच्या बाल्कनीत आहे, मी त्यावर बसून भाजी निवडते. कागदपत्रवाले भाऊ, ते परत बसवायचं यांनी मनावर घेतलंय.

परवा माळशेजला जाऊन आलो. पट्ट्या टाकल्या, काचा उघड्या ठेवल्या. सकाळी खालून हात फिरवला, कोरडं! पण बोटभर फटीतून डास आले. रात्री दोनला यांनी टॉर्च तोंडात धरून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा फ्रिजवरच्या चुंबकांनी दाराच्या पत्र्याला लावला.

फोम आतून स्वच्छ निघाला. सध्या गादी सोसायटीच्या गच्चीवर वाळतेय आणि सेक्रेटरींचा फोन दोनदा येऊन गेलाय.