अँडीशिवायचा डेपेश मोड कसा वाटला?

मे २०२२ मध्ये डेपेश मोड या ब्रिटिश बँडचा कीबोर्डवादक अँडी फ्लेचर गेला, तेव्हा वाटलं, संपलं सगळं. मार्च २०२३ मध्ये बँडचा ‘मेमेंटो मोरी’ हा अल्बम आला. रात्री दिवे घालवून, हेडफोन लावून बाराही गाणी सलग ऐकली. ‘घोस्ट्स अगेन’ला डोळे भरून आले. व्हिडिओत बँडचा गायक डेव्ह गहान आणि गीतकार मार्टिन गोर दोघंच बुद्धिबळ खेळतात, तिसरी खुर्ची नाही. तुमचं काय?

– बरीचशी गाणी अँडी असतानाच लिहिलेली. तरी ऐकताना त्याचीच आठवण येते.

– चाल सुरेख, पण मला ‘व्हायोलेटर’ अल्बमची धार हवी होती.

– अरे, १९९० ची धार आता कशाला? गहानचा आवाज किती मुरलाय! ‘घोस्ट्स अगेन’ गोरने ‘सायकेडेलिक फर्स’ बँडचा गायक रिचर्ड बटलर याच्यासोबत लिहिलंय, हेही सांगतो.

– हे माहीत नव्हतं. आज परत लावतो.