मदत हवी आहे: रत्नागिरी ते दाणोली, सागरी मार्गाने जावं का?

नमस्कार मंडळी. मे महिन्यात रत्नागिरीहून आंबोली घाटाच्या पायथ्याशी, दाणोलीला मैत्रिणीकडे निघतोय. शाळा सुटल्यापासून आम्ही भेटलोच नाही, जीव अगदी तिकडे लागलाय. हायवे क्र. 66 ने सावंतवाडी लवकर गाठता येते. पण सोबत सत्तरीची आई आहे, तिला आडिवऱ्याची महाकाली आणि कुणकेश्वर करायचंय. म्हणून पावस, आडिवरे, जैतापूर, देवगड, आचरा, मालवण असा बेत आहे. सध्या रस्ता कसा आहे? गाडी छोटी, ऊन मरणाचं आणि आईचे गुडघे दुखरे. एका दिवसात झेपेल की मालवणात मुक्काम करावा?

शिवाय मैत्रिणीसाठी हापूसची पेटी नेतोय. डिकीत फार तापेल का? पेंढ्यात कच्चेच भरू की पाडाचे?